शेरा : नमुना दूषित

"हे लोणचं आहे का लघवी?"

मी ती बाटली दोन बोटांत धरली आणि खिडकीच्या गजांबाहेर, रांगेतल्या सगळ्यांना दिसेल अशी वर उचलली. झाकणावर कैरीचं चित्र होतं. रांगेत पंधरा-वीस माणसं होती, ती हसली. खिडकीशी उभी असलेली बाई तेवढी हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मॅडम, दोनदा उकळत्या पाण्यानं धुतलीया. वास घिऊन बघा."

"हो, तेवढंच राहिलंय आता माझं," मी म्हणाले.

रांग पुन्हा हसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, माणसं माझ्या बोलण्याला हसली की मला बरं वाटायचं.

बार्शीच्या एसटी स्टँडासमोरच्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं काढली. रक्त, थुंकी, लघवी, शौच, सगळं तपासलं. लोक लघवी कशाकशात घालून आणायचे ते सांगितलं तर तुम्हाला जेवण जाणार नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आणायचे, खोबरेल तेलाच्या डबीत आणायचे. एका पठ्ठ्यानं तर देशीच्या क्वार्टरमध्ये आणली होती, लेबलासकट. मी त्यांना खिडकीतूनच झाडायची. "कासारबाईच्या तोंडी लागू नका," असं स्टँडावरचे रिक्षावाले नव्या माणसाला बजावून सांगायचे. ते माझ्या कानावर आलं की मी खुर्चीत आणखी ताठ बसायची.

लॅबचे मालक डॉ. उमरजकर. पाटीवर त्यांचं नाव, भिंतीवर त्यांच्या पदव्या, आणि स्वतः साहेब आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, पाऊण तास. तेवढ्या वेळात ते दोन कप चहा प्यायचे आणि शंभर कोऱ्या रिपोर्टवर सह्या ठोकून निघून जायचे. सही आधी, तपासणी नंतर. कागदावर काय लिहायचं ते मी ठरवायची. मला या माणसाचा मनापासून तिटकारा होता. पण त्या कोऱ्या सह्यांमुळे सगळी लॅब माझ्या मुठीत होती, आणि तिटकाऱ्यापेक्षा ते मला जास्त आवडत होतं.

कैरीच्या बाटलीवाल्या बाईचं नाव द्वारका लोंढे. वय चाळिशीच्या आतबाहेर. पिंपळवाडीच्या शाळेत तीनशे पोरांची खिचडी शिजवायची. तिच्या डाव्या कुशीत महिनाभर दुखत होतं, लघवीला आग होत होती, मधूनच ताप भरत होता. सोनोग्राफीत डाव्या किडनीत खडा निघाला होता, चिंचोक्याएवढा. गावाकडच्या डॉ. गुंडांनी चिठ्ठी दिली होती, लघवीचं कल्चर करा म्हणून. जंतू निघाला तर हिला लगेच सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडे पाठवायची, नाही निघाला तर औषधपाण्यावर खडा पडायची वाट बघायची, असा त्यांचा हिशेब. म्हणजे पुढचं सगळं माझ्या कागदावर अडलेलं होतं. द्वारकाची डावी किडनी माझ्या कागदावर अडलेली होती, पण असलं काही मी तेव्हा बोलले नसते.

कल्चर म्हणजे फार मोठं शास्त्र नाही. लघवीचा थेंब एका बशीत पेरायचा, बशी उबेत ठेवायची, एक-दोन दिवसांनी बघायचं. जंतू असला तर ठिपके उगवतात. मग तो कुठला आणि कुठल्या औषधानं मरतो तेही बघता येतं. द्वारकाच्या बाटलीचं झाकण उघडलं तशी नाकात झणझणीत वास गेला, गोठ्यात बरेच दिवस साफसफाई न झाल्यासारखा. लघवीत आम्ल किती ते दाखवणारी पट्टी बुडवली तर ती गडद निळी-हिरवी झाली, म्हणजे आम्ल नावालाही नाही. दुसऱ्या दिवशी बशीवर ठिपके नव्हतेच. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साय धरल्यासारखा पातळ थर पसरला होता, त्यात एकात एक वर्तुळं उमटलेली.

असा बशीभर पसरणारा जंतू म्हणजे प्रोटियस, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. आणि तो घाणीत सापडतो हेही मला ठाऊक होतं. शिवाय पिंपळवाडीची एसटी दीड तास घेते. लघवी दीड तास उन्हात हिंदकळली की नासते, वास मारते, पट्टी निळी होते. लोणच्याची बाटली, त्यात शिळी लघवी, वरून खेड्यातली बाई. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंसुद्धा नाही. कोऱ्या सहीच्या वर लिहून टाकलं : नमुना दूषित. स्वच्छ बाटलीत पुन्हा आणावा.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. या खेपेला मेडिकलमधून आणलेली पांढरी डबी होती, सीलबंद मिळते तसली. डबी तिनं स्टीलच्या डब्यात ठेवली होती आणि डब्याला ओला फडका गुंडाळला होता, थंड राहावी म्हणून. ही अक्कल तिला कुणी शिकवली होती देव जाणे. मला तर रागच आला.

"डबी नवीन घेतलीस ते बरं केलंस," मी म्हणाले. "पण आधी अंग धुतलंस का? साबणानं? का तशीच बसलीस?"

मागं सगळी पुरुषांची रांग. द्वारकानं मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाली ती. हळू आवाजात म्हणाली, "धुतलं व्हतं मॅडम." मग म्हणाली, "हितं संडास हाय का? ताजीच दिली असती. एसटीत लई येळ जातो."

संडास होता. माझ्या खुर्चीच्या मागेच होता, आणि किल्ली माझ्या कमरेला होती. पेशंट लोक घाण करून ठेवतात म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी त्याला कुलूप घातलं होतं. उमरजकरांना तर आपल्या लॅबला संडास आहे हेही आठवत नसेल.

"पेशंटसाठी नाही," मी म्हणाले. "पुढं व्हा. चला, पुढचा कोण?"

तिच्या मागोमाग नवरा खिडकीशी आला. मच्छिंद्र लोंढे. ट्रॅक्टर चालवायचा आणि जगातलं सगळं त्याला कळायचं. "मॅडम, खडा पडंल का ओ? मी हिला सकाळ-संध्याकाळ कुळथाचं पाणी देतोय. वर पानफुटीची दोन दोन पानं. शिवाय डॉक्टरनं गुलाबी सिरप दिलंय, आग कमी हुयाला. एक पाझर तलाव होईल एवढं पाजलंय तिला."

"मग खडा कुठाय, पोहून आला का बाहेर?" मी विचारलं.

तो बिचारा हसला. त्याला वाटलं मी गंमत करते. मी करत नव्हते. असल्या घरगुती वैद्यांची मला शिसारी होती. शिळ्या आमटीसारखा कुळीथ पाजायचा आणि वाट बघत बसायचं, म्हणे खडा विरघळेल. आणि ते गुंड डॉक्टर तरी काय दिव्य होते. सोडा घातलेलं गोड सिरप लिहून द्यायचे, जळजळ थांबली की पेशंट खूश, डॉक्टर खूश. एकाला एक साजेसे भेटले होते.

दुसऱ्या दिवशी बशीवर तोच थर, तीच वर्तुळं. पट्टी तशीच निळी. दोन वेगवेगळ्या बाटल्यांत तोच जंतू कसा येतो, हा प्रश्न कुणाही शिकाऊ पोरीला पडला असता. मला पडला नाही. मी म्हटलं, बाटली बदलली, बाई तीच आहे. आणि तोच शेरा पुन्हा लिहिला, फक्त या खेपेला 'स्वच्छ' या शब्दाखाली रेघ मारली.

त्यानंतर पाच आठवडे तिचा पत्ता नव्हता. मला तिची आठवणही आली नाही.

ती आली तो मंगळवार होता, बाजाराचा दिवस, रांग पार रस्त्यापर्यंत. मच्छिंद्रनं तिला काखेत धरून आणली होती. चेहरा राखेसारखा झाला होता. अंगावर दोन चादरी आणि वर उन्हाळ्याचे दिवस. तिनं तसलीच पांढरी डबी खिडकीत ठेवली.

मी डबीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलंच. "पुन्हा तेच? मी दोनदा लिहून दिलंय. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावं कुणाकडून. स्वच्छता म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला?"

या वेळी कुणी हसलं नाही. द्वारकानं मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "माझ्या हातचं तीनशे पोरं रोज खात्यात. सात वर्षं झाली. एकाला कधी जुलाब झाला न्हाई. माझ्या हाताला घाण म्हणू नका."

आवाज चढवला नाही तिनं. पण रांगेत मागपर्यंत ऐकू गेलं. एक म्हातारा मागून म्हणाला, "बरोबर बोलतीया." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"तुमचा संडास उघडा," ती पुढं म्हणाली. "तुमच्या बाटलीत देते. तुमच्या म्होरं हात धुते. मग लिवा काय लिवायचं ते."

मी किल्ली काढली. दयेनं काढली असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. मी चिडून काढली. म्हटलं, आता हिला सगळ्यांसमोर दाखवते. लॅबची निर्जंतुक बाटली दिली, साबण दिला, कोमट पाणी दिलं, कसं धुवायचं, पहिली धार सोडून कशी मधली घ्यायची, सगळं दारात उभी राहून मोठ्यानं सांगितलं. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती. बाटली माझ्या हातात दिली. बाटली गरम होती, नुकती अंगातून आलेली.

झाकण उघडलं आणि तोच वास आला.

पट्टी बुडवली, ती बुडवल्याबरोबर निळी झाली. ही लघवी एसटीत हिंदकळली नव्हती, उन्हात नासली नव्हती. दोन मिनिटांपूर्वी या बाईच्या पोटात होती. मी यंत्रात ती फिरवून घेतली, तळाचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पू तर खच्चून होता. आणि पुवाच्या मधून लख्ख पारदर्शक, कडा कापलेले स्फटिक पडले होते. आमच्या पुस्तकात त्यांना शवपेटीच्या झाकणाची उपमा दिलीय. जंतूंनी बांधलेला खडा असला की हेच स्फटिक येतात. पहिल्याच दिवशी ते तिथं असणार. मी डोळा लावला असता तर तेव्हाही दिसले असते.

बाहेर बाकड्यावर द्वारकाचे दात वाजायला लागले होते. मच्छिंद्र तिचे पाय चोळत होता. मी उमरजकरांना फोन लावला.

"सर, एक बाई आहे. जंतूंचा खडा आहे. थंडी वाजून येतेय तिला, पू वर चढलाय. लगेच सोलापूरला हलवायला पाहिजे."

"मग सांगा तिला तसं. मला कशाला विचारता?"

"सर, हिचे आधी दोन रिपोर्ट गेलेत आपल्याकडून. दूषित म्हणून."

पलीकडं कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग साहेब एकदम शांतपणे म्हणाले, "मग बरोबरच आहे की. तेव्हा नमुना दूषित होता, आज चांगला मिळाला. तसंच लिहा."

"दोन्ही वेळेला हाच जंतू होता सर."

"कासारबाई, त्या रिपोर्टवर सही कुणाची आहे?"

"तुमची."

"मग मी सांगतो ते लिहा." आणि फोन ठेवला.

बावीस वर्षांत त्या माणसानं मला रिपोर्टबद्दल सांगितलेली ती पहिली गोष्ट. आणि मी ती ऐकली. साहेबाला मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या आणि त्यानं सांगितलं तसंच शब्दाला शब्द लिहिलं. मच्छिंद्रला म्हणाले, "जीप करा. आत्ताच्या आत्ता सोलापूर. गुंडांकडं जाऊ नका, मध्ये कुठं थांबू नका." तो माझ्या पायाच पडायला लागला. मी पाय मागं घेतले.

सोलापूरला डॉ. हुंडेकरी म्हणून लघवीच्या विकारांचे मोठे डॉक्टर होते. त्यांनी त्याच दिवशी पाठीतून नळी घालून किडनीतला पू बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी माझ्या बशीवरून कुठल्या औषधानं हा जंतू मरतो ते कळलं, ते मी फोनवर कळवलं. मग पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला, सगळ्या रिपोर्टच्या लॅबमधल्या प्रती पाठवा. टपालानं पाठवता आल्या असत्या. मी रजा टाकली आणि स्वतः घेऊन गेले. का गेले, विचारू नका. घरी सांगितलं, सोलापुरी चादरी आणायच्यात.

द्वारका वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवर होती. तोंडावर थोडी तकाकी आली होती. पाठीतली नळी खाटेच्या कडेला लावलेल्या पिशवीत उतरत होती. मला बघून ती उठायला लागली.

"पडून राहा," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्ही एवढ्या लांब आला," ती म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "आवं, मॅडमना बसायला द्या की."

मच्छिंद्रनं स्टूल पुसून दिलं. तेवढ्यात हुंडेकरी फेरीवर आले. गोरे, धिप्पाड, मागं चार शिकाऊ डॉक्टर. आपण बोलतो ते सगळ्या वॉर्डानं ऐकायलाच हवं असा आवाज. त्यांनी फिल्म उजेडाला धरली. किडनीच्या जागी सांबराचं शिंग असावं असा पांढराफटक फाटे फुटलेला खडा दिसत होता. सगळी किडनी आतून भरून टाकली होती त्यानं.

"हा जंतूंचा खडा," ते शिकाऊंना सांगायला लागले. "जंतू लघवीतला युरिया फोडतात, अमोनिया होतो, लघवी सोड्यासारखी होते आणि तिच्यात हा खडा पोसला जातो. नुसत्या औषधानं जात नाही, कारण जंतू खड्याच्या आत बसलेला असतो. पाठीतून भोक पाडून, फोडून, कण न् कण काढावा लागतो. एक कण मागं राहिला की त्यातून पुन्हा सगळा उभा राहतो." मग मच्छिंद्रकडं वळून म्हणाले, "तुमचं ते गुलाबी सिरप आहे ना, त्यानं लघवी आणखी सोडा होते. खतपाणीच घातलंत तुम्ही."

मच्छिंद्रचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजी साहेब, आता फोडून काढायचा का?"

"आता कसला फोडताय. दोन्ही किडन्यांचं काम मिळून शंभर धरलं तर डावी सहा करतेय. सहा. तिच्यात आता राम राहिला नाही. उद्या किडनीच काढायची, खड्यासकट."

द्वारकानं डाव्या कुशीवर हात ठेवला.

"पाणी किती पीत होतीस?" हुंडेकरींनी तिला विचारलं.

"शाळंत न्हाई पीत साहेब. आठाला जाती, तीनला येती. तिथं बायांना जायला जागा न्हाई. मग पाणीच घेत न्हाई."

"बघा," ते शिकाऊंना म्हणाले, जणू त्यांनीच काही शोध लावला. मग माझ्याकडं हात केला. "रिपोर्ट आणलेत ना? द्या."

त्यांना वाटलं मी लॅबमधून कागद पोचवायला आलेली कुणीतरी. मी तीन कागद दिले. त्यांनी पहिला वाचला, दुसरा वाचला, तारखा बघितल्या. मान हलवली.

"अडीच महिन्यांपूर्वी ही बाई पहिल्यांदा तपासायला गेली होती. तेव्हा खडा चौदा मिलिमीटर होता. तेव्हा जंतू कळला असता तर आठवडाभर औषध देऊन अर्ध्या-पाऊण तासात काढून टाकला असता मी, आणि किडनी जागच्या जागी राहिली असती." त्यांनी दुसरा कागद शिकाऊंसमोर धरला, 'स्वच्छ' खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "नमुना दूषित. दोनदा. एकाच बाईचा दोनदा. सूक्ष्मदर्शकातून बघितलेलं नाही, जंतूचं नाव नाही, काही नाही. नुसती अक्कल शिकवून ठेवलीय, स्वच्छ बाटलीत आणा म्हणे. कोण गाढव बसवलंय तिथं?"

शिकाऊ हसले. मी स्टूलवर बसले होते. एवढंच म्हणायचं होतं : ते गाढव मी. तीन शब्द. ती बाई समोर पडलेली, किडनी अजून तिच्या पोटात, कागद त्यांच्या हातात. याहून सोपी वेळ मला पुन्हा कधी मिळणार नव्हती.

"साहेब," द्वारका म्हणाली. ती कोपरावर उठली होती, नळी ताणली गेली होती. "त्या मॅडमना काय बोलू नका. चूक माझी हाय. पयल्यांदा मी लोणच्याच्या बाटलीतनं नेलं व्हतं. त्यांनी मला सांगितलं व्हतं सगळं, कसं धुवायचं, कसं न्ह्यायचं. मलाच जमलं न्हाई. शेवटाला त्यांनी सोताचा संडास उघडून दिला, म्हनून तर कळलं."

मी वाट बघितली. कशाची, ते मलाही कळत नव्हतं. बहुतेक, आपण आता बोलू याची.

हुंडेकरींनी खांदे उडवले. "असेल. खेड्यातल्या लोकांना हे सांगूनही कळत नाही," ते शिकाऊंना म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले. मघाशी ज्याला गाढव म्हणाले होते त्याला एका वाक्यात सोडून दिलं आणि तिला धरलं. मोठा माणूस, मोठा आवाज, आणि अक्कल माझ्याइतकीच. शिकाऊ त्यांच्या मागं गेले.

"पडून राहा," मी द्वारकाला पुन्हा म्हणाले. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "मॅडम, एका किडनीवर मोठी पातेली उचलता येतील का वो? शाळंत दुसरी बाई घेतलीया सध्या. हेडमास्तर म्हनलं, जागा ठिवतो, पर लवकर ये."

"येतील," मी म्हणाले. मला काही माहीत नव्हतं. नंतर कळलं, हेडमास्तरांनी जागा ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी किडनी काढली. बाई जगली, उजवी चांगली होती. मी मात्र सोलापूरला पुन्हा गेले नाही. चादरी आणायला विसरले म्हणून घरच्यांनी माझी चेष्टा केली.

दीड महिना गेला असेल. एका सकाळी खिडकीशी मच्छिंद्र उभा राहिला. रांग सोडून थेट पुढं आला होता, तरी कुणी हरकत घेतली नाही, कारण त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. त्यानं पुडा गजांतून आत सरकवला आणि मागं वळून रांगेला सांगायला लागला. त्याचा आवाज चांगला खणखणीत होता.

"ह्या मॅडम हायेत म्हनून माझी बायको हाय. सगळीकडं फिरलो, कुनाला कळंना. ह्यांनी सोताच्या हातानं पानी दिलं, साबन दिला, दारात उभं ऱ्हाऊन तपासनी केली आन् तिथल्या तिथं सांगितलं, जीप करा म्हनून. एक तास उशीर झाला असता तर संपलं व्हतं. वर सोलापूरला सोता बघाया आल्या. कुठली लॅबवाली येती सांगा की."

लोक माझ्याकडं बघायला लागले. कधी नव्हे ते प्रेमानं. एका बाईनं तर कडेवरच्या पोराला माझ्याकडं बोट करून दाखवलं. मी पुडा उघडला नाही. मच्छिंद्र मला म्हणाला, "मॅडम, द्वारकीनं नमस्कार सांगितलाय. यील ती, जरा चालाया लागली की. तिला काय सांगू तुमच्याकडनं?"

आताही सांगता आलं असतं. रांग ऐकत होती, तो ऐकत होता, मला कुणी अडवत नव्हतं. मी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"तिला म्हणावं," मी म्हणाले, "आता तरी स्वच्छता पाळ."

मच्छिंद्रचा चेहरा उतरला. रांगेतल्या लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. त्यानं टोपी काढून हातात धरली आणि बायकोच्या वतीनं, अगदी ओशाळून म्हणाला, "व्हय मॅडम. सांगतो तिला."